सुतळीनं मोजलेला खेळ

एकतीस वर्षं पुण्यात काढून रामलिंगअप्पा कवठमाळला परत आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि कापडी पिशवीत बांधलेल्या चार लोखंडी काठ्या होत्या. मुखेडहून देगलूरकडं जाणाऱ्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काका, ह्ये काय, बोअरचं सामान हाय का?" अप्पा म्हणाले, "न्हाई, खेळायचं हाय." कंडक्टरनं एकदा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं पाहिलं, एकदा पिशवीकडं, आणि तिकीट फाडलं.

पुण्यात अप्पा एका गोल्फ क्लबात कामाला होते. पहिली सात वर्षं कॅडी म्हणून. म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचं, चेंडू कुठं पडला त्यावर नजर ठेवायची, तो शोधून काढायचा, आणि विचारलं तर कुठल्या काठीनं मारावं ते सांगायचं. पुढं ते गवत राखणाऱ्या माणसांत गेले आणि तिथंच निवृत्त झाले. दुसऱ्याचा खेळ त्यांना तोंडपाठ होता. कोणाचा चेंडू उजवीकडं वळतो, कोण रागावला की खोल मारतो, कोणाच्या हातात सात नंबरची काठी चालते, सगळं ठाऊक. स्वतः खेळायला मात्र सोमवार तेवढा मिळायचा. त्या दिवशी क्लब बंद, आणि कॅडी-कामगारांना खेळायची मुभा. पण कपडे धुणं, बाजार करणं, रांगेत उभं राहून गावी फोन लावणं यातच निम्मा सोमवार जायचा. अठराच्या अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, त्यांनी आयुष्यात एकदाच पुरे केले होते. एकशे एकवीस फटके लागले. चांगल्या माणसाला ऐंशी-नव्वद लागतात. ते कार्ड त्यांनी पेटीत जपून ठेवलं होतं.

निघताना क्लबातल्या लोकांनी त्यांना चार जुन्या काठ्या आणि पोतंभर वापरलेले चेंडू दिले. दुसऱ्या कोणी ते तिथंच कोणाला तरी देऊन टाकले असते. अप्पांनी ते घरी आणले.

घरी सिंधूबाई होत्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झालेली, पण एकत्र काढलेले दिवस मोजले तर चार वर्षंही भरली नसती. दिवाळीला आठ दिवस, गावच्या जत्रेला पाच दिवस, कोणाचं लग्न-मयत असलं तर दोन दिवस. सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, साडेतीन एकराची पेरणी-काढणी, मुलीचं शिक्षण, सगळं सिंधूबाईंनी एकटीनं रेटलं. मुलगी समीक्षा आता लातूरला एका दवाखान्यात नर्स होती. असं सगळं मार्गी लागल्यावर अप्पा कायमचे घरी आले, आणि पहिले दोन-तीन महिने दोघंही एकमेकांसमोर पाहुण्यासारखी वागत राहिली. अप्पा चहात साखर घेत नाहीत हे सिंधूबाईंना माहीत नव्हतं. सिंधूबाई दुपारी जेवत नाहीत, नुसत्या मूठभर शेंगदाण्यांवर राहतात, हे अप्पांना माहीत नव्हतं. अप्पा पहाटे उठून स्वतःच चहा ठेवायचे, तर त्या गोऱ्यामोऱ्या व्हायच्या. आपलं काय चुकलं, असं त्यांना वाटायचं.

शेताच्या वरच्या अंगाला दीड एकर बरड होतं. मुरूम आणि कुसळी गवत, कडेला वगळ म्हणजे पाण्यानं कोरलेला ओढा, आणि एक बोरीचं झुडूप, बाकी काही नाही. अप्पांनी तिथं एका टोकाला बांधाजवळ मारायची जागा केली. दुसऱ्या टोकाला, बाभळीच्या अलीकडं, दगड वेचून एक गोल सपाट केला, त्यावर चाळलेली माती टाकली, पाणी मारून धुमसानं ठोकली. मधोमध रंगाचा रिकामा डबा पुरला. झालं मैदान. पहिल्या दिवशी गावातले दहा-बारा जण बघायला आले. शेजारचे भगवानराव बांधावर बसून म्हणाले, "रामलिंगप्पा, पुण्याला जाऊन शेवटी इट्टी-दांडूच शिकलाव म्हणा की."

"तसंच समजा," अप्पा म्हणाले.

दोन दिवसांत बघे पांगले. अप्पा रोज सकाळी ऊन चढायच्या आत वीस चेंडू मारायचे. सिंधूबाई गवत काढायला तिकडंच असायच्या. चेंडू पडतील तसे त्या टोपल्यात गोळा करून आणून द्यायच्या. अप्पांनी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी हातात टोपलं होतं, एक चेंडू पायाशी आला, तो उचलला, आणि तसंच चालू झालं.

अप्पांनी एक वही केली. सगळ्यात लांब गेलेला चेंडू पावलांनी मोजायचा आणि तारीख टाकून लिहायचा. एकशे अठ्ठावीस. एकशे एकेचाळीस. एकशे त्रेसष्ट पावलांचा फटका बसला त्या दिवशी तर त्यांनी पारावर जाऊन चार जणांना सांगितलं. पण त्यानंतर आकडा पुढं सरकेना. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, तरी एकशे त्रेसष्ट. अप्पांनी पाय रुंद टाकून पाहिले, काठी दोन बोटं वर धरून पाहिली. एखादा दिवस बरा जायचा आणि वाटायचं, जमलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तसं.

त्यांना पुण्यातली माणसं आठवायची. नवी काठी आणली की त्यांना वाटायचं आपण सुधारलो. एक चांगला फटका बसला की घरी जाईपर्यंत त्याचीच गोष्ट. आणि मग कॅडीला विचारायचं, "काय रामलिंग, फरक वाटतो की नाही?" अप्पा दर वेळी सांगायचे, "लई फरक हाय, साहेब." खोटं सांगायचा हेतू नसायचा. समोरच्याचा चेहरा बघून तेच तोंडातून यायचं.

एके सकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सिंधूबाईंना त्यांनी विचारलं, "सिंधू, माझा खेळ सुधरून राहिला का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"तू रोज बघती की."

सिंधूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "खरं सांगू का गोड सांगू?"

"खरं."

"न्हाई."

इतकं सरळ उत्तर त्यांना एकतीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला दिलं नव्हतं.

"तुमी मारता वीस," सिंधूबाई म्हणाल्या, "आन वहीत लिवता येक. बाकीच्या एकोणीसाचं मला इचारा. एक वगळीत जातो, एक त्या बोरीच्या काट्यात. दोन तर मागं बांधाशीच पडतात. आकाडात जेवढं फिरत होते तेवढंच आजबी फिरून राहिले. मग सुधारलं कसं म्हनू?"

अप्पांना राग आला नाही असं नाही. ते उठून गोठ्याकडं गेले, बैलाला उगीच पाणी दाखवलं, परत आले. मग म्हणाले, "मग मोजायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाई टोपल्यात तुराट्या घेऊन आल्या. तुरीची वाळलेली काटकं, हातभर लांबीची, मोजून वीस. अप्पांनी चेंडू मारला की तो जिथं थांबला तिथं त्या एक तुराटी रोवायच्या आणि चेंडू उचलायच्या. वीस झाल्यावर दोघं बांधावर चढून उभी राहिली. बरडभर काटक्या उभ्या होत्या. कुठं दोन जवळजवळ, कुठं एक दूर एकटीच, एक पार वगळीच्या काठाला. अप्पांनी हजारो चेंडू पडताना पाहिले होते, पण स्वतःचे वीस असे एकदम कधी पाहिले नव्हते.

सिंधूबाईंनी सुतळीचा गुंडा काढला. सगळ्यात बाहेरच्या काटक्यांना वळसा घालत त्या सगळ्या रानातून फिरल्या आणि सुरुवातीच्या तुराटीपाशी येऊन सुतळीला गाठ मारली. मग तेवढी सुतळी दोन्ही हात पसरून मोजली. सत्त्याऐंशी वाव भरली.

"ह्ये लिवा," त्या म्हणाल्या.

"एका वगळीतल्या चेंडूपायी दहा-बारा वाव वाढल्या. तो सोडून मोज की."

"त्योच तर आणाया जावं लागतंय मला. त्याला कसं सोडू?"

अप्पांनी वहीत लिहिलं. सत्त्याऐंशी.

तेव्हापासून दर शनिवारी सुतळीचा दिवस ठरला. रोजचं मारणं वेगळं, शनिवारचं वेगळं. शनिवारी तीच जागा, तीच सात नंबरची काठी, तेच वीस चेंडू, आणि वारा फार असला तर मोजायचं नाही, असं अप्पांनी ठरवलं. जोर लावून मारणं त्यांनी सोडलं. चेंडू जवळजवळ पडू लागले आणि तीन आठवड्यांत सुतळी बहात्तर वावांवर आली. मग त्यांनी पकड बदलली, तर पुन्हा एक्याऐंशी झाली. अप्पा खट्टू झाले. सिंधूबाई म्हणाल्या, "कासऱ्याचा पीळ उलटा घालायचा असला तर आधी उकलावा लागतो. थांबा जरा." अप्पा थांबले. संक्रांतीच्या सुमाराला सुतळी त्रेसष्टवर आली आणि तिथंच थांबली. लांबचा फटका आता एकशे पन्नासाच्या पुढं जात नव्हता, आणि त्याचं त्यांना फारसं वाटेनासं झालं होतं.

मातीच्या गोलावर डब्यात चेंडू घालायचंही त्यांनी तसंच मोजायला घेतलं. बैलगाडीच्या लांबीवरून दहा चेंडू, किती आत जातात ते. आधी दोन, मग तीन, मग बरेच दिवस तीनच. तिथं सिंधूबाई समोर उकिडव्या बसायच्या आणि चेंडू कुठून वळतो ते सांगायच्या. बोलता बोलता इतर गोष्टीही निघायच्या. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात आठ दिवस पाऊस कसा थांबला नव्हता. समीक्षा पहिलीत असताना शाळेच्या वाटेवर झोपून जायची. पुण्यात अप्पांना एकदा कावीळ झाली होती आणि त्यांनी घरी कळवलंच नव्हतं. ते ऐकून सिंधूबाई म्हणाल्या, "कळवायला पायजे होतं."

"तू काय करणार होतीस इतक्या लांबून?"

"काय बी न्हाई. पण ठाऊक तरी असतं."

होळीनंतर समीक्षा दोन दिवस घरी आली. आई ताट शोधताना हातानं चाचपते, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती आईला लातूरला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डावा तर पुरता पिकलेला. एकेक डोळा करायचा, म्हणजे महिनाभर तरी तिकडंच राहणं आलं. संध्याकाळी समीक्षाचा फोन आला.

"अप्पा, डॉक्टर म्हणाले आईला दहा-बारा हातांपलीकडचं नीट दिसतच नसणार. ती तुमचे चेंडू शोधायची म्हणता ना? कसे शोधायची?"

"तिलाच दे फोन," अप्पा म्हणाले. समीक्षानं फोन आईकडं दिला.

"आवाजावर," सिंधूबाई पलीकडून म्हणाल्या. "मुरमावर पडला की टक्कन वाजतो. गवतात पडला की वाजत न्हाई, मग पायानं चाचपायचं. सापडतो."

"मला सांगायचं की."

"तुमी खेळात होता."

अप्पा उंबऱ्यावर बसून राहिले. सात वर्षं त्यांनी लोकांचे चेंडू शोधले होते. उन्हात, चिखलात, साहेब सावलीत उभे असताना. शोधणाऱ्याचे पाय कसे दुखतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तरी आठ-नऊ महिने बायको रानभर फिरत होती, तर तिच्या डोळ्यांकडं त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारी त्यांनी एकट्यानं तुराट्या रोवल्या. वीस चेंडूंमागं त्यांना वीस वेळा जावं-यावं लागलं. अठरा चेंडू छान एका ठिकाणी पडले होते. एक वगळीत गेला, एक बोरीत. अप्पा बांधावर उभे राहिले, इकडं तिकडं पाहिलं. रानात कोणी नव्हतं. त्यांनी त्या दोन तुराट्या उपटल्या आणि सुतळी फिरवली. एकोणपन्नास वाव. पहिल्यांदाच पन्नासाच्या आत. वहीत आकडा लिहिला.

संध्याकाळी सिंधूबाईंनी फोनवर आधी बैलाचं विचारलं, मग भाकरी कोण थापतं ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "सुतळी किती लागली?"

"एकोणपन्नास."

"आरं वा." त्यांच्या आवाजात आनंद होता. अप्पांनी फोन ठेवला. जेवायला बसले, अर्धी भाकरी खाऊन उठले आणि पुन्हा फोन लावला.

"सिंधू, दोन तुराट्या काढून मोजलं. एक वगळीतली, एक बोरीतली."

पलीकडं त्या हसल्या. "मला वाटलंच. एका आठवड्यात चौदा वाव कमी व्हतील का?" आणि पुढं म्हणाल्या, "अठरा तर जागेवर पडले ना पर? आधी धा बी पडत न्हवते. ते लिवा. पण एकोणपन्नास खोडा."

अप्पांनी खोडलं.

दोन्ही डोळे होऊन, काळा चष्मा लावून सिंधूबाई वैशाखात घरी आल्या. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. त्या बांधावर खाटेवर बसायच्या, अप्पा मारायचे आणि अप्पाच गोळा करून आणायचे. पहिल्या दिवशी चेंडू उडाला तसा सिंधूबाईंनी हात वर केला आणि तो खाली येईपर्यंत तसाच धरून ठेवला. "एवढा उंच जातो?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं भुईसपाटच जात आसंल." त्या दिवशी त्यांनी अप्पांना वीसऐवजी चाळीस मारायला लावले.

दिवाळीनंतर पुण्याहून शिवकुमारचा फोन आला. शिवकुमार अप्पांच्या हाताखाली गवत कापायला शिकला होता, आता तिथला मुकादम होता. क्लबनं जुन्या कामगारांसाठी एक सोमवार ठेवला होता, अठरा होल, ज्याला खेळायचं त्यानं यावं. अप्पा म्हणाले, "बघतो." सिंधूबाईंनी विचारलं, "काय बघता? जाऊ की." त्या पुण्याला कधीच गेल्या नव्हत्या.

पहिल्या होलला दहा-पंधरा ओळखीची माणसं उभी होती. अप्पांचा चेंडू सरळ झाडीत गेला. त्यांनी मागं वळून पाहिलं. सिंधूबाई शांतपणे म्हणाल्या, "एकच गेला. अजून लई हायेत." नंतर हळूहळू हात बसला. सिंधूबाई अठराच्या अठरा होल त्यांच्याबरोबर चालल्या. कापलेलं हिरवंगार गवत पायाखाली बघून त्यांनी विचारलं, "एवढं गवत कापून जनावराला घालता का?"

"न्हाई. खड्ड्यात टाकून देतात."

"टाकून?" ते त्यांना पटेना. पुढचे तीन होल त्या तेच बोलत होत्या.

अप्पांना एकशे आठ फटके लागले. लांबून मारलेले चेंडू बहुतेक मोकळ्यावर पडले. पण खऱ्या ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ठोकलेल्या मातीची सवय असल्यानं चेंडू काठी लावताच पळायचा. अठरा ग्रीनांवर चव्वेचाळीस फटके तिथंच गेले. शिवकुमार म्हणाला, "अप्पा, वाईट वाटून घेऊ नका." अप्पा म्हणाले, "वाईट कसलं? कुठं कमी पडतंय ते कळलं की." आणि ते खरंच खुशीत होते. जुन्या कार्डापेक्षा तेरा फटके कमी, वय छप्पन्नच्या पुढं, काठ्या चारच.

सगळे चहाला गेले. सिंधूबाई तिथंच थांबल्या. "तुमी ऱ्हायचाव ती खोली कुठाय?"

अप्पांनी त्यांना यंत्रांच्या शेडमागं नेलं. कामगारांच्या खोल्या तीन वर्षांपूर्वीच पाडल्या होत्या. तिथं आता फरशी घातली होती आणि पाण्याच्या दोन टाक्या होत्या. अप्पा जरा ओशाळले. पण सिंधूबाई म्हणाल्या, "दावा की. कुठं काय होतं?"

अप्पा फरशीवर चार पावलं चालले. "हितं दार. हितं स्टो. ह्या अंगाला शिवकुमारची खाट, त्या अंगाला माझी. खिडकी हिकडं, पाऊस आत यायचा."

"डोकं कुनीकडं करून झोपायचाव?"

"हिकडं."

सिंधूबाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, आणि खिडकी असायची त्या दिशेनं पाहत राहिल्या. मग पिशवीतून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून तिथंच फरशीवर बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "गाडीला अजून टाइम हाय."